विल्यम विल्सन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व्हर्मॉण्ट हा एक डोंगराळ प्रांत आहे. तेथील ईस्ट डॉर्सेट ह्या खेड्यात ता. २६ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्यम विल्सन ह्यांचा जन्म झाला. आईबाप विभक्त झाल्यामुळे त्यांचे पालनपोषण आजोळी झाले. मुलगा जिद्दीचा, परंतु चारचौघांत बुजणारा होता. पहिल्या महायुद्धाच्या वेळी लष्करी अधिकारी असता त्यांनी मद्याचा पेला हाती घेतला आणि तो बुजरेपणा नाहीसा झाला. घात झाला तो येथेच.

युद्धानंतर न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात त्यांनी पुष्कळ पैसा मिळविला व १९२९ च्या मंदीत तो गमावला. पुढील पाच वर्षांत वर्णन करण्यासारखे काही नाही. पत्नी लोइस दुकानात नोकरी करून घर चालवी. विल्सन शपथा घेत आणि मोडीत. डिसेंबर १९३४ मध्ये ते टाउन्स रुग्णालयात पुनः दाखल झाले. त्यापूर्वी थोडेच दिवस एबी थॅचर हा त्यांचा जुना मद्यपी सोबती, दारू सोडून, त्यांस भेटून गेला होता. ती भेट मनात घोळत असता रुग्णालयात त्यांस ईश्वराच्या सान्निध्याचा प्रत्यय आला. त्यानंतर मद्यास त्यांनी स्पर्श केला नाही.

बाहेर येताच ते इतर व्यसनी लोकांस सुधारावयास निघाले. कित्येक महिने खटपट केली. काहींस तर घरी आणून ठेवले. एकही सुधारला नाही! तेव्हा लोइसबाईंनी त्यांच्या लक्षात आणून दिले की, निदान ते स्वतः तरी ह्या अवधीत दारूपासून दूर राहिले आहेत. डॉक्टर सिल्कवर्थ ह्यांनी उपदेश आवरून रोगाची खरी हकीकत सांगावयास सुचविले.

मे १९३५ मध्ये विल्सन व्यापाराच्या कामासाठी ओहायोतील ॲक्रन शहरी गेले. काम फसले, खिशात दहाएक डॉलर उरले. मेफ्लॉवर हॉटेलात एका अंगास मद्यगृहातील हास्यविनोद ऐकू येत होता, दुसऱ्या अंगास टेलिफोन व शहरातील ख्रिस्तमंदिरांची यादी होती. पाय डगमगले, पण ते टेलिफोनकडे वळले. बोलावयास एखादा मद्यपी गाठून द्यावा, अशी त्यांनी एका अनोळखी धर्मोपदेशकास विनंती केली. विनंती विचित्रच म्हणावयाची. परंतु तिच्यातूनच दुसऱ्या दिवशी शस्त्रवैद्य रॉबर्ट स्मिथ ह्यांची भेट घडली. डॉक्टरांनी पंधराच मिनिटे कबूल केली होती. बोलणे रात्रीपर्यंत चालले. उपदेश करणारे त्यांस आजवर पुष्कळ भेटले होते. हा पाहुणा मात्र स्वतःच्या गरजेने आला होता. पुढे एकदा डॉक्टरांचा तोल गेला, पण ता. १० जून १९३५ नंतर त्यांनी दारू घेतली नाही. मग दोघे मिळून रुग्णालयात खाटेवर पडलेल्या एका वकिलाकडे गेले, आणि तोही बरा झाला.

ह्या मंडळास १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरून अल्कोहॉलिक्स अ‍ॅनॉनिमस हे नाव मिळाले. सभासदांनी नाव गुप्त ठेवावे, हा नियम विल्सन ह्यांनी स्वतःही पाळला. १९५४ मध्ये येल विद्यापीठाने देऊ केलेली सन्मानाची पदवी त्यांनी नाकारली. तंबाखूचे व्यसन मात्र त्यांस वर्षानुवर्षे जिंकता आले नाही, व त्यानेच फुफ्फुसे निकामी झाली. ता. २४ जानेवारी १९७१ रोजी ते निवर्तले, तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांचे पूर्ण नाव आले. ईस्ट डॉर्सेट येथील त्यांच्या थडग्यावरील दगडावर मंडळाचा उल्लेखही नाही.