साखरेचे उरलेले कोडे सोडविणारा संशोधक

मधुमेह म्हटला की इन्सुलिन आठवते. टोरांटोत १९२१-२२मध्ये त्याचा शोध लागला, तेव्हा रक्तातील साखरेचे कोडे सुटले, असेच अनेकांना वाटले. ते अर्धेच सुटले आहे, हे दाखवून दिले ते ब्युनोस आयर्सच्या डॉ. बर्नार्दो उस्साय यांनी.

फ्रान्समधून आलेल्या कुटुंबात १० एप्रिल १८८७ रोजी जन्मलेले उस्साय विलक्षण बुद्धिमान होते. चौदाव्या वर्षी ते औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात दाखल झाले. १९११मध्ये डॉक्टर आणि १९१९मध्ये वैद्यकीय विद्याशाखेत शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीचे त्यांना विद्यार्थिदशेपासूनच आकर्षण.

स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला तीव्र मधुमेह होतो, हे १८८९पासून ठाऊक होते. उस्साय यांनी अशा कुत्र्यांची पीयूषिकाही काढली. प्रकृती आणखी ढासळायला हवी होती, झाले उलटेच. मधुमेह सौम्य झाला. केवळ पीयूषिका काढलेल्या प्राण्यांत तर इन्सुलिनच्या अल्प मात्रेनेही साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरे. ग्रंथीच्या पुढील भागाचा अर्क टोचला की ती चढे. म्हणजे इन्सुलिनला शरीरातच प्रतिस्पर्धी होते. पीयूषिकेचे वाढीचे संप्रेरक त्यापैकी एक; तिच्याच आदेशावरून अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल दुसरे. ग्लुकागॉन आणि ॲड्रिनलिन यकृतातील साठा मोकळा करतात. उपाशीपोटीही मेंदूला साखर मिळत राहते, ती या ओढाताणीमुळेच.

प्रयोगशाळेबाहेरची ओढाताण मात्र त्यांना महागात पडली. लष्करी राजवटीत, १९४३मध्ये, लोकशाहीची मागणी करणाऱ्या पत्रकावर त्यांनी स्वाक्षरी केली आणि प्राध्यापकपद गमावले. परदेशांतून निमंत्रणे आली, पण देश सोडायचा नाही, हा त्यांचा निर्धार. १९४४मध्ये खासगी देणग्यांवर त्यांनी स्वतंत्र संस्था उभारली. १९४५मध्ये विद्यापीठाने परत घेतले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा बाहेर काढले!

अशा स्थितीत १९४७चे नोबेल आले. अर्धे उस्साय यांना, उरलेले कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याला. विज्ञानाचे नोबेल लॅटिन अमेरिकेत प्रथमच आले होते. सरकारधार्जिण्या वृत्तपत्रांना मात्र त्यात राजकारणच दिसले.

पेरोन यांची सत्ता गेल्यावर, १९५५मध्ये ते विद्यापीठात परतले. १९५८मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे पहिले अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. २१ सप्टेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. आदल्याच वर्षी त्यांचे शिष्य लुईस लेलुआर यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते. विषय पुन्हा शर्करांचाच होता.