एकच गाडी, सत्तेचाळीस वर्षे

गाडी जुनी झाली की ती मोडीत काढून नवी घ्यावी, असा सर्वसाधारण रिवाज. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांनी मात्र १९२० साली घेतलेली मोटारसायकल जन्मभर सांभाळली आणि त्याच गाडीवर १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, जागतिक विक्रम नोंदविला. या यशामागे ना मोठी कंपनी होती, ना पुरस्कर्ता. होती ती घरामागची एक शेड आणि रात्र-रात्र चाललेली दुरुस्ती.

हर्बर्ट जेम्स ऊर्फ बर्ट मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी इन्व्हरकार्गिल येथे झाला. त्यांचे बालपण शेतावर गेले. त्यांनी घेतलेली ६०० सीसीची 'इंडियन स्काउट' अमेरिकेत तयार झाली होती. नावातील 'इंडियन' हा शब्द अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना उद्देशून असून भारताशी त्याचा संबंध नाही. गाडीचा मूळ वेग ताशी जेमतेम ८८ किलोमीटर होता. मन्रो यांना तो अपुरा वाटला आणि १९२६ पासून त्यांनी तिच्यात फेरबदल करण्यास प्रारंभ केला.

पोटापाण्यासाठी ते दिवसा मोटारसायकली विकत आणि रात्री शेडमध्ये राबत. महागडी यंत्रसामग्री परवडणारी नव्हती. जुन्या डब्यांचा साचा करून त्यांनी पिस्टन ओतले, जाड लोखंडी पाइपातून सिलिंडर घडविले, तर ट्रॅक्टरच्या जुन्या आसापासून कनेक्टिंग रॉड हाताने कोरून काढले. मोजमापासाठी चाकाची जुनी तार उपयोगी पडे. इंजिन फुटले की ते उघडायचे, दोष शोधायचा आणि नवा भाग घडवायचा, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. निकामी झालेले भाग त्यांनी फेकले नाहीत. वेगाच्या देवतेला अर्पण केलेला नैवेद्य म्हणून ते शेडमधील फळीवर मांडले जात.

या ध्यासाची किंमतही मोठी होती. शर्यतींतील अपघातांत त्यांना अनेकदा गंभीर दुखापती झाल्या. संसार मोडला. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस नोकरी सोडून ते शेडमध्येच राहू लागले. पुढे हृदयविकारही जडला. तरीही १९५७ मध्ये ओरेटी किनाऱ्यावर त्यांनी ताशी सुमारे २११ किलोमीटरचा वेग गाठला.

अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिलचे मिठाचे विस्तीर्ण मैदान आहे. वेगवेड्यांची ती पंढरीच! मन्रो तेथे प्रथम गेले ते केवळ पाहण्यासाठी. १९४८ मध्ये मोटारसायकलवर पालथे झोपून विक्रम करणारे रोली फ्री यांच्यासारख्या स्वारांशी त्यांचा स्नेह जुळला. एका मैदानावर परस्परांशी स्पर्धा करणारी ही मंडळी शेजाऱ्याच्या बिघडलेल्या इंजिनापाशीही तितक्याच आस्थेने जमत. १९६२ मध्ये ८५० सीसीपर्यंत वाढविलेल्या इंजिनावर मन्रो यांनी ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६६ आणि १९६७ मध्ये १००० सीसीपर्यंतच्या गटातही ते विक्रमवीर ठरले. १९६७ च्या पात्रता फेरीत तर त्यांनी ताशी ३०५ किलोमीटरचा टप्पा ओलांडला.

१९७७ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि हातांवरील ताबा सुटला. आयुष्यभर हातांवरच विसंबलेल्या या कारागिराला हा घाव जिव्हारी लागला. आपल्या गाड्या गावाबाहेर जाऊ नयेत, या इच्छेने त्यांनी त्या इन्व्हरकार्गिलच्याच एका व्यापाऱ्याला विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. २००५ मध्ये त्यांच्या जीवनावर चित्रपट आला आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले.

१९६७ च्या विक्रमाची सरासरी काढताना झालेली चूक पुढे त्यांच्या मुलाच्या ध्यानात आली. २०१४ मध्ये अमेरिकन संघटनेने ती सुधारली आणि विक्रमाचा आकडा ताशी सुमारे २९६ किलोमीटरवर गेला. मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी मन्रो यांचा वेग आणखी थोडा वाढला होता.