इरावती कर्वे यांचे जीवन : कवटीच्या मापावरून बुद्धी ठरते का?



आज आपण समाजशास्त्रज्ञ आणि लेखिका इरावती कर्वे यांचे जीवन पाहणार आहोत. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई आपल्याला माहीत असतात. ‘परिपूर्ती’ हा त्यांचा लेखही अनेकांनी वाचलेला असतो. पण तरुणपणी त्यांनी बर्लिनमध्ये माणसांच्या कवट्या मोजून एक मोठं काम केलं, ते मात्र वर्गात फारसं सांगितलं जात नाही.

मला ते सांगावंसं वाटलं ते एका पालकसभेमुळे. मी जालन्यात, मस्तगड भागातल्या एका शाळेत शिकवते. आपलं जालना म्हणजे बियाण्यांचं शहर. वाण, संकरित, शुद्ध बियाणं हे शब्द इथं लहान पोरांच्याही तोंडी असतात. त्या सभेला आठवीतल्या एका मुलीचे वडील आले होते. मुलगी गणितात काठावर पास. वडील म्हणाले की आमच्या बियाण्यातच गणित नाही, हिला पुढं शिकवून काय उपयोग. ते हसत म्हणाले आणि मीही हसून मान हलवली. मुलगी शेजारीच उभी होती, सगळं ऐकत होती. घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली. शेतातल्या बियाण्याचा नियम मी तिच्यादेखत तिला लागू होऊ दिला होता.

जन्म, बालपण आणि शिक्षण

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात म्यिंजान या गावी झाला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं. वडील गणेश हरी करमरकर हे तिथं कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. पुढे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी त्या मुलीसारख्या वाढल्या. पुस्तकांनी भरलेलं घर आणि मोकळेपणानं चर्चा करणारी माणसं त्यांना लहान वयातच मिळाली.

१९२६ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून त्या तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाल्या. नंतर मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२८ मध्ये एम. ए. पदवी मिळवली. दरम्यान त्यांचं लग्न झालं. पती दिनकर धोंडो कर्वे हे फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवत. म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे हे इरावतीबाईंचे सासरे.

दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आले होते. बायकोनंही तिथं जाऊन डॉक्टरेट करावी असं त्यांना वाटलं. गंमत बघा, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींना मात्र सुनेनं परदेशी जाणं पसंत नव्हतं! पण पती-पत्नी दोघं ठाम राहिली. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतलं आणि १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिनमधली संस्था

बर्लिनच्या डाहलेम भागात १९२७ साली एक नवी संशोधन संस्था सुरू झाली होती. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन असे तीन विषय तिच्या नावातच होते. सुप्रजनन म्हणजे काय, तर चांगली माणसं पैदा करायची आणि कमअस्सल माणसांना मुलं होऊ द्यायची नाहीत, हा विचार. आता प्रश्न असा की चांगलं कोण आणि कमअस्सल कोण, हे ठरवायचं कुणी? ठरवणारे स्वतःला नेहमी चांगल्याच्या रांगेत धरत, हे वेगळं सांगायला नको.

हा विचार फक्त जर्मनीतला नव्हता. अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत सक्तीच्या नसबंदीचे कायदे झाले होते. इंग्लंडमध्येही मोठमोठे विद्वान याच्या बाजूने बोलत.

डाहलेमच्या संस्थेचे संचालक होते डॉ. ऑयगेन फिशर. १९०८ साली ते आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात गेले होते. तिथं त्यांनी युरोपीय आणि आफ्रिकी आईबापांच्या संततीची मापं घेतली. गोऱ्या वंशात दुसरं रक्त मिसळू नये, असं त्यांचं मत होतं. हेच फिशर इरावतीबाईंचे मार्गदर्शक झाले.

१४९ कवट्या

माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू अगदी सारखी नसते. फिशर यांचा समज असा होता की गोऱ्या युरोपीय लोकांच्या कवटीत हा फरक जास्त असतो, त्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो आणि त्यातून त्यांची बुद्धी श्रेष्ठ ठरते. इरावतीबाईंनी कवट्या मोजायच्या आणि हा समज तपासायचा, असं ठरलं.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. त्यात युरोपीय लोकांच्या कवट्या होत्या, तशाच आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्याही होत्या. त्या आफ्रिकी माणसांना कुणी विचारलं नव्हतं की तुमची डोकी बर्लिनला नेऊ का. वसाहतींतून अशी हजारो हाडं युरोपच्या संग्रहालयांत गेली. नामिबियातल्या लोकांच्या २० कवट्या जर्मनीनं परत केल्या त्या थेट २०११ साली. संशोधनाच्या नीतीचा पहिला प्रश्न इथंच उभा राहतो : ज्याच्या शरीरावर अभ्यास करायचा, त्याची परवानगी कुठे आहे?

इरावतीबाई तेव्हा चोविशीच्या आत-बाहेर होत्या. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज आणि पदवी ज्यांच्या हातात त्याच गुरूंचं मत तपासायचं. गुरूंना हवं तेच लिहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण मापं जे सांगत होती तेच त्यांनी लिहिलं. कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात हे खरं, पण त्याचा वंशाशी संबंध दिसत नाही. अमुक वंशात फरक जास्त आणि तमुक वंशात कमी, असं काही त्यांना आढळलं नाही.

फिशर यांनी त्यांना सर्वांत खालची श्रेणी दिली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. तरी १९३० मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि इरावतीबाई पुण्याला परतल्या.

त्या संस्थेचं पुढे काय झालं?

हा भाग मुलांना वयाप्रमाणे सांगावा, पण सांगावा जरूर. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये आनुवंशिक रोग असलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. त्या कायद्याखाली जवळपास ४ लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. आफ्रिकी वंशाचे सैनिक आणि जर्मन स्त्रिया यांच्या मुलांचीही १९३७ मध्ये गुपचूप नसबंदी केली गेली. कोणाचं रक्त कुठलं, याचे दाखले देण्यात फिशर यांच्या संस्थेतले शास्त्रज्ञ होते. पुढे ऑशविट्झच्या छळछावणीतून मारलेल्या माणसांचे अवयवही अभ्यासासाठी त्या संस्थेत आले.

फिशर यांच्यावर कधी खटला चालला नाही. १९६७ मध्ये ते वारले. आपल्याकडे त्याच वर्षी ‘युगान्त’ प्रसिद्ध झालं.

पुण्यातलं काम

परतल्यावर काही वर्षं त्या मुंबईला महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजमध्ये आल्या आणि शेवटपर्यंत तिथंच राहिल्या. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणूनही त्यांची आठवण सांगतात. घरी जाई, आनंद आणि गौरी ही तीन मुलं. त्यातल्या जाई निंबकर आणि गौरी देशपांडे पुढे लेखिका म्हणून नावाजल्या.

मोजपट्टी मात्र इरावतीबाईंनी सोडली नाही. महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी वेगवेगळ्या जातीजमातींच्या लोकांची शरीराची मापं घेतली. वि. म. दांडेकर यांच्याबरोबर या मापांवर त्यांनी १९५१ मध्ये पुस्तक काढलं. जात म्हणजे आपापसात लग्नं करणाऱ्या सोयऱ्यांचा मोठा गोतावळा, असं त्या मांडत. एका मूळ जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, हे घुर्ये यांचं मत त्यांना पटलं नाही. वेगवेगळे गट एका नावाखाली शेजारी-शेजारी आले, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे एकाच नावाची जात म्हणजे एकच रक्त, हा समज त्यांनी पुन्हा मोजून तपासला.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बर्लिनचा निष्कर्ष त्यांनी खोडला, पण बर्लिनची पद्धत बरोबर आणली. लोकांना गटागटांत उभं करून मापं घ्यायची हीच ती पद्धत, आणि तिच्यामुळे जात ही शरीरात असलेली गोष्ट आहे असा समज पक्का होऊ शकतो, अशी टीका नंतरच्या अभ्यासकांनी केली आहे. ती विचार करण्यासारखी आहे. थोर माणसांचं चरित्र शिकवताना आपण त्यांना देव करून टाकतो. तसं करू नये. मुलांना दोन्ही बाजू कळू द्याव्यात.

मापांच्या पलीकडचा माणूसही त्यांनी पाहिला, हे तितकंच खरं. पंढरीच्या वारीत त्या पायी चालल्या. एकाच विठ्ठलाचं नाव घेणारे वारकरी जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळे बसतात, हे त्यांना फार लागलं. ‘वाटचाल’ या लेखात ते आलं आहे. कोयना धरणामुळे उठवलेल्या गावांची पाहणी त्यांनी जाई निंबकरांबरोबर केली, तिचा अहवाल १९६९ मध्ये निघाला. ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आज हे का शिकायचं?

आता कवट्या कोणी मोजत नाही. एका थेंबात, थुंकीत किंवा रक्तात सगळी माहिती मिळते. मानवी जनुकांचा आराखडा २००३ मध्ये पूर्ण झाला असं जाहीर करण्यात आलं. जगातली कोणतीही दोन माणसं घ्या, त्यांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो, हे आता विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. आपल्या देशातही जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० लोकांच्या जनुकांची माहिती जमवली आहे. औषधोपचारासाठी तिचा मोठा उपयोग आहे. सिकल सेलसारखा आजार ओळखायलाही हे ज्ञान उपयोगी पडतं. म्हणून हे संशोधन वाईट, असं मुळीच समजू नका.

पण हत्यार कोणाच्या हातात आणि कशासाठी, हे विचारावंच लागतं. आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. पोटातल्या बाळाची पाणी-तपासणी आली ती आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी. तिचा वापर झाला मुली मारण्यासाठी. त्याविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला आणि १९९४ मध्ये तो देशभर झाला. मराठवाड्यातल्या शिक्षकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. आपल्या वर्गांचे पट आपण पाहिलेले आहेत.

म्हणून मुलांशी बोलताना तीन प्रश्न ठेवावेत, असं मला वाटतं :

१. ज्याचं रक्त किंवा माप घेतलं, त्याला कशासाठी ते सांगितलं का? त्याला नाही म्हणता येत होतं का? (मुलांवरच्या संशोधनात आईवडिलांच्या परवानगीबरोबर मुलाचाही होकार घ्यावा, असे आपल्याकडचे वैद्यकीय संशोधनाचे नियम सांगतात.)

२. ती माहिती कुणाकडे राहणार आणि तिच्यावरून कुणाला नोकरी, लग्न किंवा प्रवेश नाकारला जाईल का?

३. निष्कर्ष मोजून काढला आहे, की आधी ठरवून मग मोजलं आहे?

तिसरा प्रश्न आपल्यालाही लागू होतो. आपणही आधीच ठरवतो की हा मुलगा अमक्या वस्तीतला, ही अमक्या घरातली, आणि मग पेपर तपासतो.

शेवटी त्या मुलीबद्दल

पालकसभेनंतर मी तिच्या जुन्या वह्या आणि हजेरी पाहिली. गणित कुठे अडतं ते एकेक पायरी मागे जाऊन तपासलं. अडत होते ते अपूर्णांक. ते शिकवले जातात पाचवीत, आणि पाचवीत दिवाळीनंतर चार महिने ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती. अपूर्णांक झाले तेव्हा ती वर्गात नव्हतीच. एवढं साधं कारण होतं. तीन वर्षांत ते आम्ही कुणी शोधलं नाही.

पुढच्या सभेत मी वडिलांना हे सांगितलं आणि तिच्यासमोर माझी चूकही कबूल केली. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले की त्या वर्षी उचल घेतली होती, जावंच लागलं. आता ती मधल्या सुट्टीत माझ्याकडे अपूर्णांक करते. गुण एकदम वाढले असं नाही. पण ती आता गणिताची वही लपवत नाही.

लेख वर्गात वाचून दाखवायचा असेल तर जरूर दाखवा. आपल्या शाळेतले अनुभव असतील तर तेही कळवा.