चुन्याच्या पेटीतील संत



जुन्या गोव्यात २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांचे शवप्रदर्शन झाले. दर्शन घेऊन आलेले अनेकजण आम्हाला विचारतात, की त्या काळी कोणते औषध भरून हे शरीर टिकवले असेल. खरी हकिकत उलट आहे. देह लवकर झडून जावा, अशीच तजवीज केली होती.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नवारा येथील झेवियरच्या गढीत, सरदार घराण्यात झाला. पॅरिसला शिकून ते तेथेच ॲरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान शिकवू लागले. (सेमिनरीत आम्हालाही तो अभ्यासाला होता. शरीर म्हणजे आत्म्याने पांघरलेले वस्त्र नव्हे, दोन्ही मिळून माणूस होतो, हा त्यातला धडा दफनभूमीत अजून आठवतो.) १५ ऑगस्ट १५३४ रोजी संत इग्नेशियस व इतर सोबत्यांबरोबर त्यांनी मोंमार्त्र टेकडीवर व्रत घेतले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. पुढील दहा वर्षे पायाला विश्रांती नव्हती: तामिळ किनाऱ्यावरचे परवर कोळी, मलाक्का, मोलुक्का बेटे, १५४९ मध्ये जपान. आपल्या वसईलाही त्यांचे पाय लागले.

शेवटी चीनला जायचे ठरले. तेथे परक्यांना बंदी होती. किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर नावेची वाट पाहत असताना त्यांना ताप भरला आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी एका झोपडीत त्यांनी प्राण सोडला. वय अवघे ४६. जवळ होता तो गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात शिकलेला अंतोन नावाचा चिनी तरुण. बेटावर दुसरा धर्मगुरू नव्हता. थंडी कडाक्याची, त्यामुळे जहाजावरचे बहुतेक लोक खाली उतरलेच नाहीत. दफनाला मोजकी चार माणसे. लाकडी पेटीत देहाच्या खाली व वर त्यांनी चुना भरला. मांस झडले की जहाज परतताना हाडे तरी भारतात नेता येतील, एवढाच हिशोब.

फेब्रुवारी १५५३ मध्ये पेटी उघडली तर देह ताजा! कप्तानाला खात्री पटावी म्हणून मांसाचा लहानसा तुकडा कापून दाखवण्यात आला. मार्चमध्ये मलाक्कात देह पेटीविना थेट मातीत पुरला. खड्डा आखूड पडला, म्हणून दाबून बसवला. हे वाचताना अंगावर काटा येतो. ऑगस्टमध्ये तो पुन्हा बाहेर काढला. तेव्हा कुठे दियोगु परैरा या व्यापारी मित्राने रेशमी अस्तराची पेटी करवून घेतली.

१६ मार्च १५५४ रोजी देह गोव्यात आला आणि दर्शनाला गाव लोटला. व्हाइसरॉयच्या वैद्यांनी पोट चाचपून, तपासून दाखला दिला, की आतडी जागेवर आहेत आणि कोणतेही मसाले भरलेले नाहीत.

काळाने मात्र याही देहाला सोडले नाही, आणि माणसांनीही नाही. १६१४ मध्ये उजवा हात कोपरापासून कापून रोमला नेला. तो तेथील जेझू चर्चमध्ये आहे. १६२२ मध्ये संतपद मिळाले. १६३७ ची चांदीची पेटी गोमंतकीय कारागिरांची. देह बदलल्याची अफवा उठली, म्हणून १७८२ मध्ये पहिले जाहीर प्रदर्शन झाले. आज दिसतो तो सुकलेला, आक्रसलेला देह.

आता कुणी गेले की आपल्याकडे आधी शीतपेटीची चौकशी होते. परदेशातला मुलगा यायचा असला तर एम्बामिंग करून रक्तवाहिन्यांत फॉर्मालिन सोडतात. त्यात गैर काही नाही. आमची तक्रार वेगळी आहे. आंघोळ घालणे, हनुवटी बांधणे, डोळे मिटणे, हातात रोझरी गुंफणे, ही कामे पूर्वी घरचे व शेजारचे करीत. आता तीही पैसे देऊन उरकतात, आणि मुले बापाच्या कपाळाला हात लावायला भितात. अंतोनने परक्या बेटावर सारे आपल्या हातांनी केले. घरात कुणाला ही रीत ठाऊक नसेल, तर रात्री-अपरात्रीही चर्चच्या बंगल्यावर निरोप द्या. जाणत्या स्त्रिया किंवा पुरुषांना सोबत घेऊन आम्ही येऊ. आंघोळ घालणारे हात मात्र तुमचेच असू द्या.