रडणाऱ्या स्त्रीचे धन सोडणारा राजा : परमार्हत कुमारपाळ

मंदिरात कुमारपाळ महाराजांची आरती असते तेव्हा आपल्यापैकीच एखादा श्रावक मुकुट व राजवेष धारण करून, वाजतगाजत प्रभूंच्या दर्शनास येतो. बालगोपाळांना तो सोहळा फार प्रिय असतो. परंतु ज्या राजाचा वेष आपण परिधान करतो, त्याने आपल्या खजिन्यातून काय सोडून दिले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्या गोष्टीचे स्मरण करणे उचित वाटते.

कुमारपाळाचा जन्म गुजरातच्या चौलुक्य राजघराण्यातला. त्या काळी अणहिलवाड पाटणच्या गादीवर सिद्धराज जयसिंह हा पराक्रमी राजा होता. त्याला पुत्र नव्हता. आपल्यामागे राज्य कुमारपाळाकडे जाणार, ही गोष्ट त्याला सहन झाली नाही आणि त्याने कुमारपाळाच्या जिवावर माणसे घातली. राजवंशातला हा पुरुष वेषांतर करून वर्षानुवर्षे रानोमाळ भटकला. एका कुंभाराने त्याला भट्टीतल्या मडक्यांमध्ये लपविले, तर शेतकऱ्यांनी काट्यांच्या ढिगाखाली दडविले. खंभात येथे मंत्री उदयन आणि कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य यांचा आधार त्याला लाभला.

या भटकंतीतील एक प्रसंग मेरुतुंगाचार्यांनी इ. स. १३०५ च्या सुमारास रचलेल्या ‘प्रबंधचिंतामणी’ या ग्रंथात नोंदविला आहे. एका झाडाखाली बसलेल्या कुमारपाळाला दिसले की, एक उंदीर बिळातून एकेक रुप्याचे नाणे बाहेर आणून ठेवीत आहे. एकवीस नाणी झाली. त्यातले एक उचलून उंदीर पुन्हा बिळात शिरला, तोच कुमारपाळाने उरलेली नाणी घेतली. परत आलेल्या उंदराला आपले धन दिसेना, आणि त्या दुःखाने त्याने तेथेच प्राण सोडला. कुमारपाळ स्वतः निर्धन होता, जिवाच्या भीतीने पळत होता. तरीही आपल्याहून दुबळा जीव सापडताच त्याचा हात पुढे झाला होता. हा पश्चात्ताप त्याला दीर्घकाळ जाळीत राहिला. पुढे तीन दिवस उपाशी चालत असता, सासरहून माहेरी निघालेल्या एका स्त्रीने त्याला दहीभात खाऊ घातला.

इ. स. ११४३ मध्ये कुमारपाळ सिंहासनावर बसला, तेव्हा त्याने पन्नाशी गाठली होती असे प्रबंध सांगतात. त्याने कुंभाराला चितोडकडील गावे दिली. त्या अन्नदात्या स्त्रीच्या स्मरणार्थ एक विहार बांधला, आणि दुसरा बांधला तो मूषकविहार. उपकाराचे ऋण फेडता येते. मेलेल्या उंदराचे ऋण मात्र विहार बांधूनही फिटत नाही, हे राजा पुरते जाणून होता.

हेमचंद्राचार्यांच्या उपदेशाने त्याने श्रावकाची व्रते स्वीकारली. राज्यात अमारीची घोषणा केली. मद्य, द्यूत, शिकार यांना बंदी केली. कुलपरंपरेच्या सोमनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धारही त्यानेच केला. आचार्यांनी ‘योगशास्त्र’ आणि ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्र’ हे ग्रंथ त्याच्याच विनंतीवरून रचले.

परंतु आपणा व्यापारी वर्गाने विशेष ध्यानी घ्यावी अशी गोष्ट निराळी आहे. त्या काळी एखादा गृहस्थ पुत्राविना मरण पावला, तर त्याची सारी संपत्ती राजाच्या खजिन्यात जमा होई. घरात प्रेत असतानाच राजपुरुष दारात उभे राहत. मागे उरलेल्या स्त्रीने पतीसाठी रडावे की घरासाठी, हेच तिला कळत नसे. म्हणून या धनाला नावच पडले होते ‘रुदतीवित्त’, म्हणजे रडणाऱ्या स्त्रीचे धन. हे सारे कायद्याला धरून होते, दप्तरात रीतसर नोंदले जात होते. परंपरेने या उत्पन्नाचा आकडा ७२ लाख सांगितला आहे.

हेमचंद्राचार्यांच्या ‘द्व्याश्रय’ काव्यात वर्णन आहे की, एका रात्री राजाच्या कानी एका स्त्रीचे रुदन आले. तो एकटाच त्या दिशेने गेला. पती आणि पुत्र दोघेही गमावलेली, आता धनही राजा नेणार म्हणून गळफास घेण्यास निघालेली ती स्त्री होती. तिला ठाऊक नव्हते की समोर उभा आहे तोच तो राजा. कुमारपाळाने तिला मरणापासून परावृत्त केले आणि हे धन घेण्याची प्रथाच बंद केली. ‘मोहराजपराजय’ या नाटकातही यशःपालाने या त्यागाचा गौरव केला आहे.

दीनांना छळणाऱ्यास ईश्वर शासन करील, असे जग म्हणते. आपल्या दर्शनात दंड घेऊन बसलेला ईश्वर नाही, कर्म आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात, दुसऱ्याला शोक व आक्रंदन करावयास लावणे हे असातावेदनीय कर्माच्या बंधाचे कारण सांगितले आहे. तो बंध पडण्यास फिर्याद लागत नाही, साक्षीदार लागत नाही. आपली वही आपण हवी तशी लिहू शकतो. ही वही आपल्या हाती नाही. राजावर कोणाचाही हुकूम नव्हता. तरी तो थांबला, कारण दुबळ्याचे धन उचलताना काय घडते हे त्याने एकदा पाहिले होते.

माझे आयुष्य कापडाच्या पेढीवर गेले. भागीदार वारल्यावर त्याच्या पत्नीपुढे वही उघडून, तुमचे काही निघत नाही, असे कायदेशीर उत्तर दिले गेलेले मी बाजारात पाहिले आहे. ती बाई काही न बोलता पायऱ्या उतरून गेली. मीही तेथे बसलो होतो आणि काही बोललो नाही. त्या मौनाचा बंध माझाही आहे, असे आज वाटते.

इ. स. ११७२ च्या सुमारास कुमारपाळ महाराजांनी देह ठेवला. पुढच्या वेळी आपल्यापैकी कोणी त्यांचा मुकुट मस्तकी धारण करील, तेव्हा त्याने एवढेच मनाशी विचारावे : माझ्या वहीत कोणा रडणाऱ्या स्त्रीचे धन तर जमा नाही ना? असल्यास, आरतीपूर्वी ते परत करावे.

जय जिनेंद्र!