दुखऱ्या पायाचा कर्णधार

चालताना दगडाला ठेच लागली, तर आपण क्षणभर थांबतो, पाय हातात धरतो आणि मगच पुढचे पाऊल टाकतो. पाय मुरगळला तर दोन दिवस घरी बसतो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. परंतु ज्याची सारी ओळखच त्याच्या पायावर उभी आहे, ज्याच्या एका फटक्याकडे एक संपूर्ण राष्ट्र डोळे लावून बसले आहे, त्याचा पाय दुखावला तर त्याने काय करावे? हाच प्रश्न १९५४ साली हंगेरीच्या फुटबॉल संघाचे कर्णधार फेरेन्त्स पुश्काश यांच्यापुढे उभा राहिला. आपल्याकडील वृत्तपत्रे त्यांचे नाव बहुधा पुस्कास असे छापतात. दुखऱ्या पायाने खेळणारे खेळाडू पुष्कळ झाले. पुश्काश यांचे जीवन मात्र आपल्याला त्याहून थोडे अधिक काही शिकवते, म्हणून ते आज आपल्यापुढे मांडत आहे.

फेरेन्त्स यांचा जन्म १९२७ साली बुडापेस्ट येथे झाला. घराणे मूळचे जर्मन वंशाचे, आडनाव पुर्त्सेल्ड. १९३७ साली वडिलांनी ते बदलून पुश्काश असे हंगेरियन आडनाव घेतले. वडील स्वतः फुटबॉल खेळत व पुढे प्रशिक्षक झाले. कुटुंब बुडापेस्टजवळच्या किश्पेश्त या कामगारवस्तीत राहत असे. घराला लागूनच मैदान होते. घरची स्थिती बेताची असल्याने या मुलाचे पहिले फुटबॉल म्हणजे चिंध्या गुंडाळून केलेला चेंडू. शेजारच्या घरी योझेफ बोझिक नावाचा मुलगा होता, तो त्याचा जन्माचा सोबती ठरला. वय कमी पडत होते म्हणून फेरेन्त्स प्रथम खोट्या नावाने संघात खेळला! घरात व मित्रांत त्याला ‘एची’, म्हणजे धाकटा भाऊ, असे म्हणत आणि हे लाडके नाव त्याला आयुष्यभर चिकटले.

१९४३ साली, वयाची सतरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, तो किश्पेश्तच्या मुख्य संघात आला. महायुद्ध संपताच, १९४५ च्या ऑगस्ट महिन्यात, ऑस्ट्रियाविरुद्ध त्याने देशासाठी पहिला सामना खेळला व गोलही केला. १९४९ साली साम्यवादी राजवटीने किश्पेश्तचा संघ सैन्याच्या ताब्यात दिला, त्याचे नाव होनवेद झाले आणि खेळाडूंना लष्करी हुद्दे मिळाले. ठेंगणे, काहीसे स्थूल, उजव्या पायाचा फारसा उपयोग न करणारे पुश्काश अशा रीतीने मेजर झाले. त्यांचा डावा पाय मात्र असा की चेंडू जणू त्यांचा शब्द ऐके. १९५२ साली त्यांच्या नेतृत्वाखाली हंगेरीने हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर सुमारे एक लाख प्रेक्षकांसमोर त्यांनी इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून इंग्लंड मायभूमीवर हरल्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या मे महिन्यात बुडापेस्ट येथे त्याच इंग्लंडला ७-१ अशी धूळ चारली. मे १९५० नंतर हा संघ एकही सामना हरला नव्हता.

अशा कीर्तीच्या शिखरावर असताना १९५४ च्या उन्हाळ्यात हा संघ विश्वचषकासाठी स्वित्झर्लंडला गेला. पहिल्या सामन्यात कोरियाचा ९-० असा पराभव झाला. दुसरा सामना २० जून रोजी बाझेल येथे पश्चिम जर्मनीशी होता. जर्मन प्रशिक्षक झेप हेर्बेर्गर यांनी त्या दिवशी आपले अनेक मुख्य खेळाडू बाहेरच ठेवले होते, आणि हंगेरीने ८-३ असा मोठा विजय मिळविला. परंतु त्या विजयाची किंमत जबर होती. जर्मनीचे बचावपटू वेर्नर लीब्रिख यांची लाथ पुश्काश यांच्या घोट्यावर बसली. ती हेतुपुरस्सर होती की खेळाच्या भरात बसली, यावर पुढे कितीतरी वर्षे वाद चालला. घोट्याच्या हाडाला बारीक चीर गेली. कर्णधाराला मैदान सोडावे लागले.

वाचकहो, घोट्याचे दुखणे किती वाईट असते, हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक. शरीराचा सारा भार तेथे येतो. धावताना, वळताना, एका पायावर उभे राहून दुसऱ्याने चेंडू मारताना तो सांधा क्षणोक्षणी पिळला जातो. हाडाला गेलेली चीर कितीही बारीक असली, तरी ती सांधायला काही आठवडे विश्रांती हवी असते. पुश्काश यांच्या हाती आठवडे नव्हते. अंतिम सामन्याला अवघे चौदा दिवस उरले होते.

पुढचे दोन सामने त्यांना बाहेर बसून काढावे लागले. २७ जून रोजी बेर्न येथे ब्राझीलविरुद्धच्या सामन्यात खेळापेक्षा मारामारीच अधिक झाली. तरीही हंगेरीने तो ४-२ असा जिंकला. तीन दिवसांनी लोझान येथे विश्वविजेत्या उरुग्वेलाही जादा वेळेत ४-२ असेच हरविले. उरुग्वे तोवर विश्वचषकाच्या इतिहासात एकही सामना हरला नव्हता. हे दोन्ही विजय कर्णधाराशिवाय मिळाले होते, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी, कारण पुढच्या प्रश्नाचे मूळ तिच्यात आहे.

४ जुलै १९५४. बेर्नच्या वांकडोर्फ मैदानावर अंतिम सामना, आणि समोर पुन्हा पश्चिम जर्मनी. पाऊस कोसळत होता. त्या काळी विश्वचषकात बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती. सामना सुरू झाल्यावर एखादा जायबंदी झाला, तर संघाने दहा जणांनिशी खेळायचे, असा नियम. अशा स्थितीत पूर्ण बरा न झालेला घोटा घेऊन उतरावे की नाही? पुश्काश यांची खेळण्याची तीव्र इच्छा होती, आणि प्रशिक्षक गुस्ताव शेबेश यांनी त्यांना संघात घेतले.

सहाव्याच मिनिटाला त्यांनी गोल केला. आठव्या मिनिटाला झोल्तान त्सिबोर यांनी दुसरा केला. सामना संपल्यातच जमा, असे प्रेक्षकांना वाटले असेल. परंतु दहाव्या मिनिटाला माक्स मोरलोक यांनी व अठराव्या मिनिटाला हेल्मुट रान यांनी गोल करून जर्मनीला बरोबरी साधून दिली. मैदानाचा चिखल झाला. जर्मन खेळाडूंच्या बुटांना खालचे खिळे बदलण्याची सोय होती, त्याचा त्यांना लाभ झाला. आणि दुखऱ्या घोट्याला चिखलाइतका दुसरा शत्रू नाही, कारण रुतलेले पाऊल दर वेळी ओढून काढावे लागते. पुश्काश धावत राहिले. ८४ व्या मिनिटाला रान यांनी पुन्हा गोल केला. जर्मनी ३, हंगेरी २. शेवटच्या काही क्षणांत पुश्काश यांनी चेंडू पुन्हा जाळ्यात धाडला, पण वेल्सच्या रेषापंचांनी निशाण उंचावले. ऑफसाइड! तो गोल नाकारला गेला. तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर आजही एकमत नाही. चार वर्षे न हरलेला संघ नेमका त्याच दिवशी हरला.

आता मूळ प्रश्न. त्या पायाने खेळणे हा पराक्रम होता की दुराग्रह? एक पक्ष म्हणतो की त्यांच्याविना संघाने ब्राझील व उरुग्वे यांना हरविले होते, तेव्हा धडधाकट खेळाडूची जागा अडविण्याचे कारण नव्हते. दुसरा पक्ष उत्तर देतो की ज्याने त्या पायाने एक गोल केला व दुसरा जवळजवळ केलाच, त्याला अपात्र कसे म्हणावे? मला दोन्ही पक्षांत तथ्य दिसते. वेदना सोसण्याचे धैर्य खरे होते, यात शंका नाही. परंतु आपल्यावाचून कार्य अडेल, ही भावना धैर्याच्या अगदी शेजारी वास करते, आणि त्या दोहोंतील कुंपण फार ठेंगणे असते. आपणही घरी, कचेरीत, मंडळीच्या कामात आजारपण लपवून राबतो, तेव्हा त्यात सेवा किती आणि स्वतःचे महत्त्व किती, हे ज्याचे त्यानेच तपासावे.

घोटा काही काळाने बरा झाला. मनाची जखम मात्र चिघळली. बुडापेस्टमध्ये लोक संतापून रस्त्यावर उतरले, खेळाडूंवर दोषारोप झाले. कडवटपणाच्या भरात पुश्काश यांनी पुढे जाहीरपणे असे सुचविले की जर्मन खेळाडूंनी अंतिम सामन्यात उत्तेजक द्रव्ये घेतली होती. अलीकडच्या काळात काही संशोधकांनीही या विषयावर संशय व्यक्त केला आहे, पण निर्विवाद पुरावा पुढे आलेला नाही. जर्मन फुटबॉल संघटना संतापली, आणि ज्या संघात पुश्काश असतील त्या संघाशी जर्मन संघांनी खेळू नये, असा तिने निर्बंध घातला.

इतक्यात त्यांच्या जीवनाला निराळेच वळण लागले. १९५६ च्या ऑक्टोबर महिन्यात हंगेरीत उठाव झाला व सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. होनवेदचा संघ युरोपीय चषकाच्या सामन्यासाठी देशाबाहेर गेला. पुश्काश उठावात मारले गेले, अशीही बातमी त्या धामधुमीत पसरली होती! ते मायदेशी परतले नाहीत. पत्नी व लहान मुलगी सीमा ओलांडून त्यांना येऊन मिळाल्या. बालमित्र बोझिक मात्र परत गेले. देश सोडल्याबद्दल पुश्काश यांच्यावर आंतरराष्ट्रीय संघटनेने खेळण्याची बंदी घातली. एक वर्षाहून अधिक काळ ते चेंडूपासून दूर राहिले, वजन अफाट वाढले, वय तीस ओलांडून गेले. देश गेला आणि खेळही जाण्याच्या बेतात होता.

१९५८ साली स्पेनच्या रेआल माद्रिद संघाने त्यांना बोलावले, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. पुश्काश यांनी घाम गाळून वजन उतरविले. संघात अर्जेंटिनाचे आल्फ्रेदो दि स्तेफानो हे सर्वेसर्वा होते. आपल्या देशाच्या या माजी कर्णधाराने त्यांच्या जोडीने दुय्यम स्थान पत्करले आणि दोघांचे उत्तम जमले. पुढे चार वेळा ते स्पेनमधील सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले.

१९६० साली रेआल माद्रिद युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. सामना स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे होता आणि समोर संघ आला आइनट्राख्ट फ्रांकफुर्ट, म्हणजे जर्मन! सहा वर्षांपूर्वीचे भांडण पुन्हा दारात येऊन उभे राहिले. पुश्काश यांनी माफी मागितल्यावाचून सामना होणे शक्य नव्हते. ज्यांनी आपला घोटा जायबंदी केला, ज्यांच्याकडून आयुष्यातील सर्वांत मोठी हार पत्करली, त्यांचीच क्षमा मागायची! पुश्काश यांनी लेखी क्षमा मागितली.

त्या पत्रामागे सामना खेळण्याची निकड होती, हे उघड आहे. सारे अंतःकरण त्यात ओतले होते असा दावा मी करणार नाही. तरीही निकडीपोटी का होईना, स्वाभिमान बाजूला ठेवून आपल्या शब्दांची भरपाई करणे आपल्यापैकी किती जणांना साधते? भाऊबंदकीचे कितीतरी तंटे केवळ चार ओळी न लिहिल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालतात. चीर गेलेल्या घोट्यावर नव्वद मिनिटे धावायला त्यांना चौदा दिवसांची तयारी पुरली. ही चार अक्षरे लिहायला मात्र काही वर्षे लागली.

१८ मे १९६० रोजी हॅम्पडेन पार्कवर सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर रेआल माद्रिदने ७-३ असा विजय मिळविला. तीन गोल दि स्तेफानो यांचे, चार पुश्काश यांचे. फुटबॉलच्या इतिहासातील अत्यंत देखण्या सामन्यांत आजही त्याची गणना होते. दोन वर्षांनी, १९६२ च्या अंतिम सामन्यात, त्यांनी पुन्हा तीन गोल केले, पण संघ पोर्तुगालच्या बेन्फिकाकडून ५-३ असा हरला. सामना संपल्यावर त्यांनी आपला सदरा प्रतिपक्षाच्या युझेबियो या तरुण खेळाडूला दिला. बेर्न येथे हरलेला माणूस हरणे शिकला होता, असे त्यावरून म्हणता येईल.

खेळ थांबविल्यावर त्यांनी अनेक देशांत प्रशिक्षण दिले. १९७१ साली ग्रीसच्या पानाथिनाइकोस संघाला त्यांनी युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले, तोही वेम्ब्लीवर. १९८१ साली, पंचवीस वर्षांनंतर, त्यांनी मायभूमीवर पाऊल ठेवले, आणि राजवट बदलल्यावर ते तेथेच स्थायिक झाले. देशासाठी ८५ सामन्यांत ८४ गोल केलेल्या या माणसाची स्मृती उतारवयात विस्मरणाच्या रोगाने हिरावून घेतली. २००२ साली बुडापेस्टच्या राष्ट्रीय मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले. १७ नोव्हेंबर २००६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. २००९ पासून जगातील सर्वांत सुंदर गोलाला त्यांच्या नावाचा पुरस्कार देण्यात येऊ लागला.

त्यांचा देह बुडापेस्टच्या संत स्टीफन बॅसिलिकेत विसावला आहे. हंगेरीचा पहिला ख्रिस्ती राजा स्टीफन याचा उजवा हात पवित्र अवशेष म्हणून त्याच मंदिरात जतन केलेला आहे. एका राजाचा उजवा हात आणि किश्पेश्तच्या चिंध्यांच्या चेंडूने खेळलेल्या एका मुलाचा डावा पाय एकाच छपराखाली आहेत.

वाचकहो, पुढे कधी एखादा खेळाडू लंगडत मैदानात परतताना दिसला आणि लोकांनी टाळ्या वाजविल्या, तर आपणही खुशाल वाजवाव्यात. ते धैर्य खरेच असते. मात्र घरी परतताना आपण कोणाला एखादे पत्र लिहायचे राहिले आहे काय, याचीही आठवण करावी.