बत्तीस पायऱ्यांचा आवाज

चाकणच्या कारखान्यातली दिवसपाळी संपवून निगडी-आकुर्डीच्या घरी परतलेल्या एखाद्या हौशी अभियंत्याच्या टेबलावर हल्ली पत्त्यांच्या कॅटएवढा एक संगणक दिसतो. सारे काही एकाच सर्किट बोर्डावर मावलेले. त्यावर भीमसेनांच्या मैफली ऐकण्यासाठी घरच्या घरी म्युझिक प्लेयर उभारायचा, तर पहिला प्रश्न येतो तो डॅकचा, म्हणजे साठवलेल्या अंकांतून पुन्हा आवाज घडवणाऱ्या परिवर्तकाचा. बोर्डावर हेडफोनची खाच असली, तरी तिच्यातून येणारा आवाज चोखंदळ कानाला रुचत नाही. मग बुधवार पेठेतली तपकीर गल्ली पालथी घातली जाते किंवा ऑनलाइन शोध सुरू होतो. परिवर्तक किती बिटचा घ्यावा, सेकंदाला किती नमुने हाताळणारा असावा, त्याचे घड्याळ स्वतःचे असावे की संगणकाकडून उसने घेतलेले चालेल, यावर मित्रमंडळीत रात्र रात्र खल होतो.

हे तीनही प्रश्न ज्यांनी निर्वात नळ्यांच्या जमान्यात स्वतःला घालून घेतले, त्या ॲलेक हार्ली रीव्हज् यांचे नाव मात्र या चर्चेत सहसा निघत नाही. त्यांच्या देशाने त्यांच्या शोधावर टपाल तिकीट काढले, सन्मानही दिले. पण अंकांच्या रूपातला आवाज घराघरांत पोहोचला तेव्हा ते हयात नव्हते.

रीव्हज् यांचा जन्म १० मार्च १९०२ रोजी इंग्लंडमधल्या सरे परगण्यातील रेडहिल येथे झाला. वडील एडवर्ड रीव्हज् हे लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत नकाशांचे संग्राहक होते आणि सर्वेक्षणाचे शिक्षणही देत. अफाट भूप्रदेश मोजून तो मोजक्या खुणांत कागदावर उतरवायचा, हा त्या घरातला नित्याचा व्यवसाय होता. मुलाच्या कामाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह आवरत नाही. लंडनमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन रीव्हज् १९२३ मध्ये इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत रुजू झाले. अटलांटिक महासागरापलीकडे रेडिओद्वारे दूरध्वनी पोहोचवण्याच्या प्रयत्नांत त्यांचा सहभाग होता. पुढे कंपनी आयटीटी या उद्योगसमूहाकडे गेली आणि १९२७ मध्ये रीव्हज् पॅरिसच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथल्या दहा-बारा वर्षांत त्यांनी स्पेन आणि दक्षिण अमेरिका यांना जोडणाऱ्या लघुलहरींच्या दुव्यावर काम केले, एकाच लहरीवर अनेक संभाषणे वाहून नेण्याच्या पद्धतींवर काम केले, आणि या साऱ्यांत एकच शत्रू त्यांच्यासमोर वारंवार उभा राहिला. तो म्हणजे खरखर.

दूरध्वनीचा आवाज तारेतून जाताना क्षीण होतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी तो मोठा करावा लागतो. पण वर्धकाला आवाज आणि खरखर यांतला फरक कळत नाही. तो दोन्ही सारखेच मोठे करतो. असे टप्पे जितके अधिक, तितका शेवटी पोहोचणारा आवाज गढूळ. पिंपरीहून चाकणला दहा माणसांच्या तोंडून निरोप धाडावा आणि पोहोचेपर्यंत त्याचा अर्थच पालटावा, तसे हे होते. त्याऐवजी प्रत्येकाने चिठ्ठीवरचा आकडा वाचून नव्या कोऱ्या चिठ्ठीवर पुन्हा लिहायचा ठरवले तर? शाई थोडी पसरली तरी आकडा तोच राहील. रीव्हज् यांना १९३७ मध्ये सुचलेली कल्पना हीच होती. आवाजाची लहर जशीच्या तशी धाडायचीच नाही. ठरावीक अंतराने तिची उंची मोजायची, त्या उंचीचा अंक करायचा आणि तो अंक विजेच्या ठोक्यांच्या असण्या-नसण्यातून पाठवायचा. वाटेतल्या प्रत्येक ठाण्याने ठोका आहे की नाही एवढेच ओळखायचे आणि नवा, स्वच्छ ठोका पुढे सोडायचा. या पद्धतीला पुढे पल्स कोड मॉड्युलेशन, अर्थात पीसीएम, हे नाव रूढ झाले.

१९३८ मध्ये फ्रान्समध्ये दाखल केलेल्या पेटंटात त्यांनी नुसती कल्पना मांडली नाही. आवाजाचे अंक करणारा आणि अंकांचा आवाज करणारा, असे दोन्ही परिवर्तक रेखाटले. घड्याळ सेकंदाला सहा लाख ठोक्यांचे. त्याला शंभराने भागून सेकंदाला ६,००० वेळा आवाज मोजायचा. मोजण्याची युक्ती अशी: नमुना घेताच एक विद्युतदाब शून्यापासून एकसारख्या गतीने चढू लागतो. तो नमुन्याच्या उंचीला भिडेपर्यंत एक दार उघडे राहते आणि त्या दारातून घड्याळाचे किती ठोके गेले, ते गणक मोजतो. आवाज उंच असेल तर दार अधिक वेळ उघडे, ठोके अधिक. गणक पाच बिटचा, म्हणजे शून्य ते एकतीस अशा बत्तीसच पायऱ्या. उलट दिशेला, मिळालेल्या अंकावरून तितक्या रुंदीचा विजेचा ठोका तयार करायचा आणि अशा कमी-अधिक रुंदीच्या ठोक्यांची ओळ गाळणीतून गुळगुळीत करून घ्यायची. आवाज तयार.

बत्तीस पायऱ्या आणि सेकंदाला ६,००० नमुने हे प्रमाण आज हास्यास्पद वाटेल. नमुन्यांच्या निम्म्या वेगापर्यंतचीच कंपने टिकतात, हा नियम. म्हणजे रीव्हज् यांच्या यंत्रात सेकंदाला ३,००० कंपनांच्या वरचे सारे गळून पडणार. तानपुऱ्याची जवारी ज्या उंच स्वरांशांनी झळाळते, त्यांतले पुष्कळसे याच सीमेपलीकडे असतात. पाच बिटमुळे मोठ्यात मोठा आणि लहानात लहान आवाज यांतले अंतर जेमतेम ३० डेसिबलचे. १६ बिटच्या सीडीत ते ९६ डेसिबलच्या घरात जाते. पण रीव्हज् यांना गाणे ऐकवायचे नव्हते. दूरवरच्या माणसाचे बोलणे समजावे, एवढीच त्यांची अट होती आणि त्या अटीपुरत्या पायऱ्या त्यांनी निवडल्या. त्याहून एक पायरीही जास्त नाही, कारण प्रत्येक वाढीव बिटासाठी आणखी नळ्या लागत, आणि नळ्या महाग, तापट व अल्पायुषी होत्या. परिवर्तक निवडण्यातला हा हिशेबीपणा ३२ बिटच्या जाहिरातींना भुलणाऱ्या आजच्या हौशी ग्राहकाने पाहण्याजोगा आहे.

इतकी काटकसर करूनही ही योजना त्या काळी परवडणारी नव्हती, आणि रीव्हज् यांना त्याची पुरती जाणीव होती. त्यातच युद्ध आले. १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या तेव्हा त्यांना फ्रान्समधून निसटून मायदेशी परतावे लागले.

पुढचा अध्याय त्यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड. रीव्हज् वृत्तीने शांततावादी होते. संहारक अस्त्रांवर काम करणे त्यांना पटत नव्हते. तरीही फ्रँक जोन्स यांच्यासह त्यांनी ओबो ही प्रणाली घडवली. जमिनीवरची दोन ठाणी रेडिओचे ठोके पाठवून, विमानाकडून परतलेल्या ठोक्यांवरून त्याचे अंतर मोजत. एक ठाणे विमानाला ठरलेल्या मार्गावर ठेवी, दुसरे बॉम्ब सोडण्याचा क्षण सांगे. वैमानिकाला कानात सूर ऐकू येई: मार्ग एका बाजूला चुकला तर तुटक टिंबे, दुसऱ्या बाजूला चुकला तर लांब रेघा, आणि मार्ग बरोबर असला की अखंड स्वर. तो स्वर ओबो या पाश्चात्य सुषिर वाद्यासारखा वाटे, म्हणून हे नाव. डिसेंबर १९४२ पासून ही प्रणाली वापरात आली. मार्च १९४३ मध्ये एसेनच्या क्रुप कारखान्यांवरील हल्ल्यात लक्ष्य दाखवणाऱ्या मॉस्किटो विमानांना तिनेच वाट दाखवली.

नेमका मारा झाला तर नाहक बळी कमी पडतील, हा विचार शांततावाद्याला दिलासा देणारा खरा. पण मॉस्किटोंनी टाकलेल्या खुणांवर मागून शेकडो अवजड विमाने बॉम्ब ओतत आणि खुणेभोवतीची वस्तीही जळत असे. यंत्र अचूक होते. त्याचा वापर करणारे युद्ध तसे नव्हते.

इकडे अमेरिकेत १९४३ मध्ये आवाजाचे अंक करून तो गुप्त ठेवणारी सिगसॅली ही यंत्रणा सुरू झाली. तिने अख्खी खोली व्यापली होती. नळ्यांवर पीसीएम उभे करणे म्हणजे काय, हे त्यावरून कळते. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि चित्र पालटू लागले; तरी बेल कंपनीची पीसीएमवर चालणारी टी-१ ही दूरध्वनी प्रणाली प्रत्यक्ष सेवेत यायला १९६२ साल उजाडले. तोवर रीव्हज् यांच्या मूळ पेटंटांची मुदत संपून गेली होती. जगभरच्या दूरध्वनींनी सेकंदाला ८,००० नमुने व आठ बिट हे प्रमाण स्वीकारले. भारतातही १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटच्या डिजिटल एक्सचेंजेसमधून बोलणे याच प्रमाणाने वाहिले, पण त्याचा एक पैसाही शोधकर्त्याला मिळण्यासारखा नव्हता.

याबद्दल ते कुढत बसले नाहीत. युद्धानंतर स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये त्यांनी प्रकाशाच्या साहाय्याने संदेश नेण्याच्या संशोधनाला चालना दिली. याच प्रयोगशाळेतून १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांचा काचतंतूंविषयीचा निबंध आला; काओ यांना त्यासाठी २००९ मध्ये नोबेल मिळाले. रीव्हज् अविवाहित राहिले. तरुणांसाठी आणि कैद्यांच्या पुनर्वसनासाठी त्यांनी बराच वेळ दिला. परलोकाशी संपर्क शक्य आहे, अशीही त्यांची श्रद्धा होती. सहकारी अभियंत्यांना ती बुचकळ्यात टाकणारी वाटली तर नवल नाही. १९६९ मध्ये त्यांना सीबीई हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश टपाल खात्याने पीसीएमवर तिकीट काढले. १३ ऑक्टोबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि ६५,५३६ पायऱ्यांची सीडी बाजारात यायला अजून अकरा वर्षे होती.

आकुर्डीतल्या त्या टेबलावर बऱ्याचदा जो डॅक येतो, त्याच्या चिपचे नाव पीसीएम ५१०२ असते. पहिली तीन अक्षरे रीव्हज् यांच्या पद्धतीची. रास्पबेरी पायच्या अंगच्या घड्याळाला सीडीच्या ४४,१०० या आकड्याने पूर्ण भाग जात नाही. म्हणून चोखंदळ मंडळी स्वतःचे स्फटिक असलेला बोर्ड निवडतात. सहा लाखांना शंभराने नेमके भागणाऱ्या रीव्हज् यांना ही अडचण आलीच नव्हती. आणि ज्या हेडफोनच्या खाचेला नावे ठेवून ही सारी खरेदी होते, तिच्यामागे वेगळा डॅक नसतोच. तिथे संगणक ठोक्यांची रुंदी कमी-अधिक करतो आणि साधी गाळणी त्यांचा आवाज करते. १९३८ च्या त्या फ्रेंच पेटंटातही आवाज असाच घडवला होता.